अडुसष्ट किलोचं पोतं

आमच्याकडे गाडीचं वजन व्हायचं ते गुरुवारी. पिंपरी-चिंचवडची ज्यांना सवय नाही त्यांना सांगते, इकडे कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते; निदान आप्पांच्या कंपनीची तरी होती. दादा मात्र चाकणला लागलेला आणि तिथल्या त्याच्या कंपनीची सुट्टी रविवारी. म्हणजे एका घरात राहून बापलेकाची सुट्टी एका दिवशी कधी पडायची नाही. रेस रविवारी, म्हणून दादा तिकडे मोकळा. पण गाडी लावायचं, म्हणजे रेसच्या जागेप्रमाणं मापात बसवायचं, काम आप्पांशिवाय व्हायचं नाही, म्हणून ते गुरुवारी, दादाच्या माघारी. या सुट्ट्यांच्या घोळातून आमच्या घरात ते पोतं आलं. त्या पोत्यानं माझा भाऊ आमच्यापासून लपवला, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. खोटं आहे ते. पोत्याला कशाला बोल लावायचा? आम्हीच बघितलं नाही. दादा सव्विसाव्या वर्षी गेला आणि त्याच्या आजाराची एकूण एक खूण मी माझ्या हातानं, निळ्या पेनानं वहीत लिहून ठेवली होती. वही अजून माझ्याकडे आहे. आज ती पुढ्यात घेऊनच बसलेय.

आम्ही आकुर्डीला राहायचो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड, शेडच्या पुढं बोळ. पलीकडच्या कारखान्यात मोठा हॅमर होता, तो चालू झाला की मांडणीवरची भांडी बारीक किणकिणायची. गुरुवारी तो बंद असायचा, म्हणून गुरुवारची शांतता कानाला विचित्र वाटायची. आप्पा टर्नर. बार्शीच्या पलीकडून आलेले, पण तीस वर्षं लेथवर काढलेली, त्यामुळे माणूस बोलायलासुद्धा मापात. आईला गुरुवारचा उपास असायचा, तरी आमच्यासाठी ती येसराची आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी करायचीच आणि वर म्हणायची, "तुमच्या गाडीपायी माझा देव बी ताटकळायलाय." मी ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. हे शहाणपण या गोष्टीत पुढं कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

गाडीचं नाव पांढरी. आई तिला गाईसारखी हाक मारायची, त्यावरून पडलेलं. कुणा रिटायर झालेल्या मास्तरांची जुनी, लहानशी गाडी होती ती. दादानं आणि रफिकभाईनं ती घेतली आणि आतून सोलून काढली. रफिकभाईचं गॅरेज आकुर्डी स्टेशनच्या रस्त्याला. तो आणि दादा पाचवीपासून एका बाकावर बसलेले. मागचं सीट काढलं, दारांचे आतले पत्रे काढले, पायाखालची गादी काढली, स्टेपनी काढली. एकदा तर आप्पांनी दाराच्या कड्या काढून वजन केलं, तीनशे ग्रॅम भरल्या, आणि रफिकभाई नाचला. "आप्पा, तीनशे ग्रॅम म्हंजे काय कमी हाय का राव!" ग्रॅम-ग्रॅमासाठी जीव टाकायचो आम्ही. पांढरी जितकी हलकी तितकी पळणार, हा आमच्या घरातला धर्मच झाला होता.

आणि प्रत्येक जागेसाठी पांढरी वेगळी लावावी लागायची. लोकांना वाटतं रेसची गाडी म्हणजे इंजिन. इंजिन राहिलं बाजूला, गाडी जमिनीला कशी धरते ते महत्त्वाचं. चाकणच्या पुढं एका कंपनीनं जागा सपाट करून ठेवलेली, शेड उभी राहायची होती, तिथं हौशी पोरांच्या रेसा व्हायच्या. तो सगळा मुरूम. मुरमावर गाडी उंच हवी, स्प्रिंगा मऊ, टायरात हवा चोवीस. दुसरी जागा म्हणजे एक बंद पडलेली विमानाची धावपट्टी, तिथं डांबर, मध्ये शंकू ठेवून केलेली तोकडी वळणं. तिथं गाडी खाली बसवायची, स्प्रिंगा कडक, हवा तीस, आणि पुढची चाकं केसभर बाहेरच्या अंगाला फाकवायची, म्हणजे ती वळणात चटकन तोंड घालते. ही केसभर फाक मोजायची कशानं, तर गाडीच्या दोन्ही बाजूंना सुतळी ताणून, आप्पांच्या पोलादी पट्टीनं. चाक किती कललंय ते गवंड्याच्या ओळंब्यानं. तिसरी जागा आम्ही कुणी पाहिली नव्हती. तिकडे दक्षिणेत एक खराखुरा, रेससाठीच बांधलेला ट्रॅक होता, लांबलचक वळणांचा. दादाला मरायच्या आधी एकदा तिथं गाडी घालायची होती. असं तो चेष्टेत म्हणायचा, "मरायच्या आधी एकदा, मने." आम्ही हसायचो.

वजनाचं सांगते. गाडी नुसती हलकी असून भागत नाही, चारही चाकांवर वजन नीट वाटलेलं लागतं. रफिकभाई भंगारवाल्याकडून एक इलेक्ट्रॉनिक काटा आणायचा. एकच काटा, मग बाकीच्या तीन चाकांखाली काट्याच्या उंचीची लाकडी फळकुटं, आणि एकेक चाक पाळीपाळीनं काट्यावर. आता हे करताना ड्रायव्हर जागेवर बसलेला पाहिजे, कारण त्याचंही वजन गाडीतच धरायचं. आणि ड्रायव्हर गुरुवारी चाकणला पहिल्या शिफ्टला! म्हणून आप्पांनी युक्ती काढली. दादाला एकदा काट्यावर उभं केलं, अडुसष्ट किलो भरला. गावाकडून आलेली ज्वारी पोत्यात मापून घातली, पोत्यासकट बरोबर अडुसष्ट, आणि दाभणानं तोंड शिवलं. ते पोतं ड्रायव्हरच्या जागेवर बसवायचं, त्याला पट्टे आवळायचे, वर दादाचं हेल्मेट ठेवायचं. दसऱ्याला आईनं गाडीला कुंकू लावलं तेव्हा पोत्यालाही लावलं. "ह्यो माझा गुणी लेक," म्हणाली, "उलटून बोलत न्हाई." दोन वर्षं आम्ही गाडी त्या पोत्याच्या मापानं लावत होतो. दादाला परत काट्यावर उभं करावं असं कुणाच्या, माझ्यासुद्धा, मनात आलं नाही. लोखंडाचा एकेक नट आम्ही दर वेळी नव्यानं मोजत होतो, तो ढिला पडायचा म्हणून. माणसाचं वजन एकदा मोजलं की झालं, असंच धरून चाललो.

वही माझ्याकडे. प्रत्येक रेसचं एक पान. जागा, हवा, स्प्रिंग, चाकांची फाक, चार चाकांची वजनं, आणि शेवटी दोन रकाने: ड्रायव्हरची तक्रार आणि आपण काय केलं. रविवारी रात्री दादा जेवायला बसला की मी विचारायची, तो बोलायचा, मी लिहायची, मग गुरुवारी आप्पा चष्मा लावून वाचायचे, "काय म्हणायलाय पोरगं?" त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरची पानं मी इथं उतरवते, जशी आहेत तशी. तक्रार: स्टिअरिंग जड लागतं, हात भरून येतात. उपाय: रफिकनं भंगारातून मोठ्या गोलाईचं चाक आणलं, पुढची हवा दोननं वाढवली. तक्रार: पट्ट्यानं खांद्यावर काळेनिळे डाग पडतात. उपाय: पट्ट्याला स्पंज शिवला. तक्रार: तिसऱ्या फेरीनंतर धाप लागते, गाडीत कोंडतं. उपाय: मागची काच काढून जाळी लावली, वजनही दीड किलो कमी. तक्रार: पट्टे सैल पडतात. उपाय: पट्ट्याला पुढं दोन भोकं पाडली.

वाचलंत ना? तुम्हाला दिसलं. मलाही आता दिसतं. पण तेव्हा आम्ही चार माणसं डोळ्यात तेल घालून गाडीकडे बघत होतो आणि प्रत्येक तक्रारीला गाडीत कारण सापडत होतं. सापडतंच की हो, शोधलं की! आणि दमण्याचं म्हणाल तर चाकणच्या रस्त्याला कंपनीची बस दोन-दोन तास अडकायची, वर ओव्हरटाइम. दमत नव्हतं कोण? आईच तेवढी कुरकुरायची. "लेकरू वाळून चाललंय. त्या कॅन्टिनात काय घालत्यात की." दादा तिच्या गळ्यात हात टाकून म्हणायचा, "आई, ड्रायव्हर जाड असून चालत नाही."

मग तो गुरुवार आला. दक्षिणेतल्या रेसला तीन आठवडे राहिले होते, रफिकभाईनं टेम्पो ठरवून ठेवला होता, आणि दादाला एका रविवारी कामावर गेल्याच्या बदल्यात सीऑफ मिळाला होता. सणवार सोडले तर दोन वर्षांत पहिल्यांदा आप्पा आणि दादा सुट्टीच्या दिवशी एकत्र घरी. आईला कोण आनंद. उपास असून तिनं पुरणाचा घाट घातला. आम्ही काटा लावला, फळकुटं लावली, आणि मी पोतं आणायला आत गेले तर पोत्याची शिवण उसवलेली. घरातली ज्वारी संपली म्हणून आईनं त्यातलीच डबाभर काढून गिरणीत दिली होती. आप्पा असे तडकले! "अगं ते माप हाय, खायाची ज्वारी न्हवं!" आई म्हणाली, "मग काय उपाशी ठिवू का पोरास्नी? भरा की परत." दादा हसत हसत गाडीत शिरला. "भांडू नका. आज खरा माल घरात आहे. मीच बसतो."

पहिलं पुढचं उजवं चाक. काटा चार किलो कमी दाखवायला लागला. मी वहीतला जुना आकडा वाचला, रफिकभाईनं काटा बंद करून परत चालू केला. पुन्हा तेच. मागचं उजवं चाक पाच किलो कमी. "काटा गंडलाय," रफिकभाई म्हणाला. मग माझं शहाणपण जागं झालं. मी घरातला भरलेला गॅस सिलिंडर आणायला लावला. त्याच्यावर रिकाम्याचं वजन छापलेलं असतं, आत गॅस किती तेही ठरलेलं असतं, बेरीज करून काटा तपासता येतो. सिलिंडर चढवला. काटा तंतोतंत बरोबर. मला इतका आनंद झाला होता स्वतःच्या युक्तीचा! मी म्हटलं, "काटा बरोबर आहे, मग दादाच चुकतोय. उतर रे खाली, उभा राहा यावर." तो चप्पल काढून उभा राहिला. सत्तावन्न.

रफिकभाईनं दादाला उचललं. खरंच उचललं, कमरेत हात घालून, आणि गोल फिरवलं. "अकरा किलो! राव, अकरा किलो फुकटात! आमी हितं कड्या काढतोय आन् हा गडी अकरा किलो घेऊन आलाय!" दादा वरून ओरडत होता, "सोड, पडेन, सोड." आप्पा हसत होते, आप्पांचं हसू मी मोजक्या वेळा पाहिलंय, त्यातलं हे एक. ते म्हणाले, "मग उजवीकडची स्प्रिंग अर्धा आटा उतरवावी लागंल." दारात आई उभी होती, हाताला पुरण लागलेलं. ती म्हणाली, "अकरा किलो? आरं, मग माझं अकरा किलो लेकरू गेलं कुठं?" आणि आम्ही सगळे तिला हसलो. मीसुद्धा. मी तर सगळ्यात मोठ्यानं हसले. मग वहीत लिहिलं: ड्रायव्हर सत्तावन्न. चांगलं झालं. "चांगलं झालं"च्या खाली दोन रेघा ओढल्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही गाडी नव्यानं लावली. पोत्याचं वजन केलं तर एकसष्ट भरलं, त्यातली आणखी चार किलो ज्वारी काढून ते सत्तावन्नचं केलं, आणि आप्पांनी स्वतः शिवलं. घमेल्यात काढलेली चार किलो ज्वारी आईनं निवडून दळायला दिली. पुरणपोळी दादानं अर्धी खाल्ली आणि बाजूला सारली. आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बरंय की, वजन वाढायला नको."

मला कुणी विचारलं की आयुष्यातलं एक वाक्य परत घ्यायचं झालं तर कुठलं, तर हे.

ट्रॅकवर आम्ही शनिवारी पोचलो. काय ती जागा! काळंशार डांबर, कडेला लाल-पांढऱ्या पट्ट्या, आणि गाड्यांचा आवाज छातीत घुमणारा. दादा कडेला उकिडवा बसला आणि त्यानं डांबराला हात लावून बघितला. सरावाला त्याला पाच फेऱ्या होत्या. पहिल्या दोन फेऱ्यांत पांढरी अशी वळत होती की रफिकभाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, आम्ही आयुष्यात इतकी चांगली गाडी कधी लावली नव्हती. तिसऱ्या फेरीनंतर तो आत आला. इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिला. मी वही घेऊन धावले. त्याला पट्ट्याचं बटण दाबता येत नव्हतं. अंगठ्यात जोरच नव्हता. रफिकभाईनं पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, तर नाकातून रक्त येऊन गळ्यापर्यंत उतरलेलं. दादा म्हणाला, "मने, लिही. गाडीबद्दल काही तक्रार नाही."

तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही रेस न बघताच परत निघालो. इकडच्या मोठ्या दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी दादाला विचारलं, "त्रास कधीपासून होतोय? नीट आठवून सांगा." दादा म्हणाला, "तसं काही नव्हतं, साहेब." माझ्या पिशवीत वही होती. मी ती उघडली आणि वाचत गेले. हात भरून येतात, अमुक रविवारी. काळेनिळे डाग, त्यानंतर दोन आठवड्यांनी. धाप. पट्टे सैल. अकरा किलो. एकेक पान उलटत, तारखेसकट. डॉक्टर लिहून घेत होते, मग त्यांनी पेन खाली ठेवलं. तरुणच होते, दादाहून चारसहा वर्षांनी मोठे असतील. म्हणाले, "इतकं बारीक लिहून ठेवलंत तुम्ही. मग..." आणि थांबले. पुढं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते न बोललेलं वाक्य मी रोज स्वतःच पुरं करते.

रक्ताचा कॅन्सर होता. लवकर आला असता तरी काय झालं असतं, सांगता येत नाही, असं ते डॉक्टर पुढं कधीतरी म्हणाले, आणि शेजारणीपाजारणींनीही तेच म्हटलं, आणि रफिकभाईच्या अम्मीनं माझा हात धरून तेच म्हटलं. सगळ्यांचे उपकार आहेत. पण मला ते पटलेलं नाही, आणि या वयात पटवून घ्यायची इच्छाही नाही. दवाखान्यात दादा सात आठवडे होता. रोज सकाळी नर्स त्याचं वजन करायची. चोपन्न. बावन्न. एकदा एकोणपन्नास झालं तेव्हा तो मला म्हणाला, "मने, आत्ता मला पांढरीत बसवलंस तर फेरीमागं किती सेकंद वाचतील?" मी कॉलेजातली हुशार पोरगी, मला हिशेब येत होता. मी रडायला लागले. तो म्हणाला, "रडू नको गं, विनोद केला." मग जरा वेळानं, डोळे मिटूनच, "रफिकला चालवू दे. पण त्याचं वजन घे आधी. दर वेळी घे."

रफिकभाईनं कधी चालवली नाही. त्यानं त्या दिवसापासून रेसचं नाव काढलं नाही. दादाला उचलून फिरवलं होतं ते हात तो मला दाखवायचा, "हलका लागला गं मला. मला लागला हलका, आन् मी हसलो." मी पुढं चाकणलाच, स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं नोकरी केली. आता वाकडला चौदाव्या मजल्यावर लेकाकडे राहते. सूनबाईनं मध्ये न्हाणीघरात ठेवायला वजनकाटा आणला होता, तो मी परत करायला लावला. ती बिचारी गोंधळली. तिला मी हे कधी सांगितलं नाही. वाचेल तेव्हा कळेल. घरातलं कुणी कौतुकानं म्हणालं, "किती बारीक झालास रे!" की मी त्या बारीक झालेल्याला आधी जेवायला बसवते. नातू मला खादाड आजी म्हणतो.

दादाचे दिवस झाल्यानंतरचा पहिला गुरुवार. हॅमर बंद, सगळं चिडीचूप. मी आत पडून होते. बाहेर जॅकचा आवाज आला म्हणून उठले, तर आप्पा एकटेच पांढरी फळकुटांवर चढवत होते. काटा त्यांनी स्वतः जाऊन आणला होता, भंगारवाल्याकडून, हातगाडीवर. मला बघून म्हणाले, "वही आण." मी आणली. त्यांनी सत्तावन्न किलोचं पोतं उचललं. वय झालं होतं, मी हात लावायला गेले तर नको म्हणाले. छातीशी धरून ते त्यांनी ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं, पट्टे ओढले, पट्ट्यावरचा स्पंज खांद्याच्या जागी नीट केला. आई दारात येऊन उभी राहिली. मग आप्पांनी सुतळी ताणली. मुरमासाठी लावत होते, चाकणच्या. हवा चोवीस. स्प्रिंगा मऊ. चारही चाकांची वजनं झाली, आप्पा सांगत गेले, मी लिहीत गेले. आकडे असे जुळले होते की एका किलोचाही फरक नव्हता. ड्रायव्हर, मी विचारलं. "सत्तावन्न लिही," म्हणाले. मी लिहिलं. मग सवयीनं, निव्वळ सवयीनं, माझ्या तोंडून गेलं, "तक्रार?"

आप्पांनी चष्मा काढला. पोत्याकडे बघत होते. त्याच्यावर हेल्मेट ठेवायचं राहिलं होतं, ते त्यांनी ठेवलं आणि त्याच्यावरून एकदा हात फिरवला.

"करत होता की गं पोरगं," म्हणाले. "दर ऐतवारी करत होता."

तो रकाना मी कोरा ठेवला आहे.